पहिलं प्रकरण फुकट

त्याच्या दुकानाला पाटी नव्हती. सकाळी शटर वर गेलं की वाफेचा आणि गरम कापडाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि ज्याला नाक आहे त्याला पाटी लागत नाही. लोक त्याला लाँड्रीवाला म्हणायचे. पुस्तक छापून आल्यावर काही जण लेखकराव म्हणायला लागले, पण त्यातला 'राव' ते असा लांबवायचे की मान राहायचा बाजूला आणि चेष्टाच जास्त व्हायची. त्याला तेही आवडायचं. माणूस एकदा छापून आला की त्याला काहीही आवडतं.

लाँड्रीवाल्याने पुस्तक कशाला लिहावं, हा प्रश्न त्याच्या बायकोने त्याला उठता बसता विचारला होता. “लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढून आपलं बरं चाललंय,” ती म्हणायची. “आता स्वतःच्या आयुष्याच्या कशाला काढताय?” ती उगाच बडबडणारी बाई नव्हती. दुकानाचा निम्मा भार तिच्यावर होता. कपडे घेणं, कॉलरच्या आत खुणेचा दोरा घालणं, डाग असेल तर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवून कबूल करून घेणं, आणि शेवटी इस्त्रीचे कपडे कागदी पट्टी लावून गठ्ठ्यात बांधणं, हे सगळं ती करायची. धुणं आणि इस्त्री त्याच्याकडे. दुपारी मागच्या गच्चीवर कपडे वाळत असले की तो इस्त्रीच्या टेबलावर, त्या जाड घोंगडीच्या उरलेल्या उबेत कोपर टेकून लिहायचा. वर्षानुवर्षं लिहिलं. चौदा प्रकरणं झाली.

पुस्तक त्याच्या थोरल्या भावाबद्दल होतं. ती गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आई गेली आणि बापाचा हात धरणारं घरात कुणी उरलं नाही. पट्टा, चप्पल, जे हाताला लागेल ते. थोरल्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, धाकटा अजून नाडीच्या चड्डीत. एके दिवशी दादाने धाकट्याला बसमध्ये घातलं, या गावात आणलं, याच लाँड्रीसमोर उभं केलं आणि म्हणाला, “इथेच थांब छोट्या, बिस्किटं घेऊन येतो.” छोट्या संध्याकाळपर्यंत उभा राहिला. दादा आला नाही. शेवटी लाँड्रीच्या म्हाताऱ्या मालकाने त्याला आत घेतलं, खाऊ घातलं, काम शिकवलं, आणि पुढे दुकानही त्याच्याच हाती दिलं.

त्या दिवसाचा राग त्याने बरीच वर्षं पोटात ठेवला. मग त्याचं लग्न ठरलं, तेव्हा एकदा चादरीची दोन टोकं दोघांनी धरून घडी घालताना मालक सहज बोलून गेला. दादा आधीच येऊन सगळं ठरवून गेला होता. आणि त्या दिवशी तो लगेच निघून गेलाच नव्हता. समोर पाण्याची टाकी होती, तिच्यामागे तो उभा होता, छोट्या दुकानाच्या आत जाईपर्यंत. सांगून सोडलं असतं तर पोरगा पायाला चिकटला असता, म्हणून न सांगता. दोघंही पळाले असते तर बाप हात धुऊन मागे लागला असता, म्हणून दादा उलट पावली घरी गेला, 'बाजारात हरवला' म्हणाला, आणि बापाने त्या बोलण्याची जी शिक्षा दिली तीत दादाचा डावा कान कायमचा गेला. कानाचं हे वहिनीने सांगितलं, तेही एकदाच, आणि पुन्हा विषय काढू नका असं बजावून.

दादाने स्वतः यातलं अवाक्षर कधी काढलं नाही. बाप मेल्यावर तो याच गावात येऊन राहिला, दोन गल्ल्या सोडून, आणि शाळेची बस चालवायला लागला. एका कानाचा माणूस बस कसा चालवतो? तर फार चांगली चालवतो. जे काम कानांनी करायचं ते तो आरशांतून डोळ्यांनी करायचा. इतक्या वर्षांत बसला ओरखडा नाही. शाळेत कुणाला कानाचा पत्ता नव्हता. मुलांना मात्र न सांगता कळलं होतं की या काकांना हाका मारून उपयोग नसतो, खांद्यावर टकटक करावं लागतं. त्यांना तो खेळ वाटायचा.

तर हे सगळं पुस्तकात होतं. दादाला त्याने सांगितलं नव्हतं. “काय लिहीत असतोस रे?” असं दादाने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “कपड्यांबद्दल.” दादाला चकित करायचं होतं त्याला. पहिली प्रत खाकी कागदात गुंडाळून त्याने वरच्या फळीवर ठेवली होती. आल्या आल्या द्यायची होती ती. पण मग वाटलं, दोनशे घरांत पुस्तक जाऊ दे, लोक वाहवा करू देत, मग ऐटीत जाऊन देऊ. ती प्रत फळीवरच राहिली.

कारण पुस्तक कुठे जाईना. टेबलाखाली जिथे स्टार्चच्या पिशव्या असायच्या तिथे पुस्तकांचे गठ्ठे बसले आणि स्टार्च बायकोच्या पायात आला. गिऱ्हाईक यायचं, पुस्तक हातात घ्यायचं, पाठीवरचा फोटो बघायचं, “अरे वा, तुम्हीच की!” म्हणायचं, आणि आपला गठ्ठा उचलून चालू पडायचं. फोटो मात्र सगळ्यांनी बघितला. एका बाईने तर फोटोतल्या शर्टाची इस्त्री छान आहे म्हणून सांगितलं.

तो छापखान्यात गेला. छापखानेवाला दिवसभर बिलबुकं आणि व्हिजिटिंग कार्डं छापायचा आणि मधून मधून अशी हौशी मंडळी कापायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळ्यातलं सगळं कळायचं.

“अहो, साबणाची नवी वडी आली की आधी छोटी वडी फुकट वाटतात ना? तसं करा,” तो म्हणाला. “पहिलं प्रकरण फुकट. सोळा पानी नमुना काढू. प्रत्येक गठ्ठ्यात एक घाला. तुमच्यासारखी सोय कुणाला आहे हो? तुमचा माल थेट लोकांच्या कपाटात जातो.”

ही गोष्ट लाँड्रीवाल्याला एकदम पटली. छापखानेवाल्याने पहिलं प्रकरण काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचत गेला. शेवटच्या पानावर थांबला. प्रकरणाचा शेवट असा होता:

'दादा बिस्किटं घेऊन आला नाही. मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होतो. समोर पाण्याची टाकी होती. टाकीमागे दादाही संध्याकाळपर्यंत उभा होता. हे मला कळायला फार वर्षं लागली.'

“हे शेवटचं उडवा,” छापखानेवाला म्हणाला. “टाकीपासून पुढचं.”

“का?”

“सगळंच फोडून टाकलंत की! माणूस अडकला पाहिजे. 'तिथेच उभा होतो' इथे तोडा. वाचणाऱ्याच्या घशात घास अडकतो बघा. मग येतो धावत पुस्तकाला.”

“पण मग दादा उगाच...”

“दादा कुठे पळून चाललाय? पुस्तकात आहेच की तो. पुस्तक घेतील, पुढचं वाचतील, उलट दादाला डोक्यावर घेतील.”

लाँड्रीवाला घुटमळला. खोटं कशाला बोला, फार वेळ घुटमळला नाही. त्याने ती वाक्यं पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिली, नसली तर शेवट किती झणझणीत होतो ते पाहिलं, आणि स्वतःच्याच लिखाणाने त्याच्या अंगावर काटा आला. “उडवा,” तो म्हणाला.

नमुना छापून आला. बायकोने कागदी पट्टी लावताना वरच्या शर्टाच्या घडीत एकेक सारायला सुरुवात केली. “जाहिरातबाजी,” ती पुटपुटायची, पण घालायची. सवयीचे हात तिचे, कोणता गठ्ठा कोणाचा हे न बघता एका लयीत घालत जायचे.

आणि काय सांगावं, नमुना तुफान गाजला! आठवडाभरात दुकानापुढे उभं राहून लोक बोलायला लागले. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, तिला रडू आवरेना, कढईतलं जळलं. बँकेतला कॅशियर, जो सुट्या पैशांवरून रोज घासाघीस करायचा, तो सुटे न मोजता उभा राहिला आणि म्हणाला, “एवढंसं पोर हो.” चष्म्याच्या दुकानातले काका तर रोज येता जाता विचारू लागले, “मग? पुढे काय झालं?”

“ते पुस्तकात आहे,” लाँड्रीवाला म्हणायचा आणि गालात हसायचा.

“अहो, थोडक्यात सांगा की. आला का परत तो भाऊ?”

“पुस्तक घ्या, कळेल.”

“पक्के आहात!” काका म्हणायचे. पुस्तक घ्यायचे नाहीत.

कुणीच घेतलं नाही. म्हणजे अगदी कुणीच नाही असं नाही, बायकोच्या मावसबहिणीने एक घेतलं आणि ते तिच्या टीव्हीखाली पाय समान करायला बसलं. बाकी सगळ्यांचं सोळा पानांत भागलं. त्यांना रडायचं होतं, रडून झालं. त्यांना चीड यायला हवी होती, चीड आली. आता चीड आली म्हणजे ती कुणावर तरी काढायला लागते, आणि ज्याच्यावर काढायची तो माणूस दोन गल्ल्यांवर राहत होता. पुस्तकात नाव नव्हतं, पण लाँड्रीवाल्याला थोरला भाऊ एकच आहे हे काय कुणाला सांगायला हवं होतं? शाळेची बस चालवतो तो. कमी बोलतो तो. हाक मारली तरी मान वळवत नाही, घमेंडखोर कुठला!

बायकोच्या कानावर आधी आलं. “अहो, लोक भाऊजींबद्दल काहीबाही बोलतायत,” ती म्हणाली. “काल ती औषधवाली विचारत होती, अशा माणसाकडे मुलं सोपवतात कशी. नमुना बंद करू या.”

“अगं, चर्चा होतेय म्हणजे विक्री आलीच समज,” तो म्हणाला. छापखानेवाल्याचंच वाक्य होतं ते. “पुस्तक वाचलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील.”

“आणि नाही वाचलं तर?”

त्याने इस्त्री उचलली आणि जोरात वाफ सोडली.

मग ते घडलं. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट. बसमध्ये एक मुलगी नवी आली होती. तिला टकटकीचा खेळ अजून कुणी शिकवला नव्हता. ती दादाच्या डाव्या बाजूला बसली, आणि तिचा थांबा आला तेव्हा मागून आलेल्या ट्रकला वाट देण्यात दादाची नजर आरशात गुंतली. मुलगी म्हणाली, “काका, माझं घर गेलं.” पुन्हा म्हणाली. रडायला लागली. काकांनी मान वळवली नाही. पुढच्या थांब्यावर ती दिसली, तेव्हा दादाने बस वळवली, तिला दारापर्यंत नेलं, तिच्या आईची हात जोडून माफी मागितली. एवढंच. पण त्या आईच्या कपाटात इस्त्रीच्या शर्टात आलेला नमुना होता.

दुसऱ्या दिवशी चार पालक शाळेत गेले. 'स्वतःच्या भावाला रस्त्यावर सोडणारा माणूस आहे हा, आमची मुलं काय सांभाळणार?' एकीने नमुनाच टेबलावर ठेवला. मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, काही दिवस घरी थांबा, प्रकरण शांत झालं की बघू. मुलीची हाक ऐकू कशी आली नाही असं विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, “लक्ष नव्हतं, बाई. चूक झाली.” कान म्हणाला नाही. कान म्हटला असता तर काही दिवसांचं कायमचं झालं असतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

लाँड्रीवाल्याला हे बाहेरून कळलं, चष्मेवाल्या काकांकडून, तेही 'बरं झालं एकदाचं' अशा सुरात.  पहिल्यांदा त्याला कळलं की आपण नमुना वाटत नव्हतो, भावाचं नाव वाटत होतो, गल्लोगल्ली, गठ्ठ्या गठ्ठ्यातून.

पण माणूस लेखक झाला होता ना! त्याला वाटलं, लिहून बिघडलंय ते लिहूनच सुधारेल. दादाकडे जावं, वहिनीला विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने टेबलाखालून एक प्रत ओढली, चौदाव्या प्रकरणात सुतळीचा तुकडा घातला, आणि अंगावरच्या ओल्या बाह्यांनिशी तो शाळेत गेला.

मोठ्या बाई त्याच्याच गिऱ्हाईक होत्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या, कडक पण सरळ बाई. “बाई, एवढं एकच प्रकरण वाचा,” तो म्हणाला. “माझ्यासमोर वाचा. माझ्या दादासारखा माणूस तुम्हाला सापडायचा नाही.”

बाईंनी वाचलं. ते पुस्तक मन लावून वाचणारं पहिलं माणूस त्याच्यासमोर बसलं होतं. बाहेर मुलं पाढे म्हणत होती. बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चष्मा काढून डोळे पुसले. लाँड्रीवाल्याच्या जिवात जीव आला. एवढ्या वर्षांच्या लिहिण्याचं चीज झालं असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज त्याला मरेपर्यंत पुरणार होती.

“केवढ्या मोठ्या मनाचा माणूस,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि ते पान परत वाचलं. “म्हणजे त्यांना डाव्या कानाने ऐकूच येत नाही?”

त्याने ओल्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

“अजिबात?”

“बाई, इतक्या वर्षांत एक ओरखडा...”

“मला माहीत आहे.” बाईंनी पुस्तक मिटलं. सुतळीचा तुकडा टेबलावर पडला. “ती मुलगी ओरडत होती आणि त्यांना ऐकूच आलं नाही. आता हे वाचल्यावर मी त्यांना पुन्हा गाडीवर कसं बसवू, तुम्हीच सांगा. पालक चार दिवसांनी विसरले असते हो. मी समजावलं असतं त्यांना. पण हे मला कळलंय आता.” त्यांनी पुस्तक पालथं करून पाठीवरच्या फोटोकडे बघितलं. “तुम्ही हे मला वाचायला द्यायला नको होतं,” त्या म्हणाल्या, आणि पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

दादाच्या घरी जायला त्याला दोन दिवस लागले. जाताना त्याने वरच्या फळीवरची ती खाकी कागदातली प्रत बरोबर घेतली. दादा मोरीपाशी बनियनवर बसून नळाचा वॉशर बदलत होता. बसची वेळ झालेली आणि दादा घरात, हे त्याला बघवेना. तो जाऊन शेजारी टेकला आणि काहीतरी बोलला. दादाने मान वळवली.

“या बाजूला ये,” दादा म्हणाला.

तो उठून उजव्या बाजूला बसला. कानाचं कळल्यापासून तो न विसरता उजव्या बाजूला बसत आला होता.

“बाईंचा निरोप आला,” दादा म्हणाला. “कानाची तपासणी करून आणा म्हणाल्या. आणून काय करू? निकाल मला माहीत आहे.”

“दादा, मी तुझ्यासाठीच गेलो होतो रे.”

“माहीत आहे मला.” दादाने जुना वॉशर बोटाने बाहेर काढला. “मीही तेव्हा तुझ्यासाठीच गेलो होतो.”

नळातून थेंब थेंब पाणी पडत होतं. दादा पुढे बोलला, तो न रागावता बोलला, आणि तेच लाँड्रीवाल्याला सोसेना. “ते तुझं पहिलं प्रकरण माझ्याही गठ्ठ्यात आलं होतं. युनिफॉर्मच्या शर्टात.”

लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांपुढे बायकोचे ते एका लयीतले हात आले. “तू वाचलंस? मग मला बोलला का नाहीस? येऊन दोन ठेवून द्यायच्या होत्यास.”

“काय बोलू? खोटं कुठे होतं त्यात? सोडलं होतंच की मी तुला. मला वाटलं, एवढी वर्षं तुझ्या मनात हेच होतं, आज बाहेर आलं. म्हटलं, येऊ दे.”

“नाही रे दादा! पुढे आहे सगळं. ती टाकी, ते बाजारातलं, सगळं आहे. पुस्तकच तुझ्याबद्दल आहे.” त्याने घाईघाईने खाकी कागद फाडला आणि प्रत दादापुढे धरली. “तू पुढचं वाच तरी. एकदा वाच.”

दादाचे हात ओले होते. त्याने पुस्तक घेतलं नाही. नुसतं वरून बघितलं.

“पुढचं मला माहीत आहे रे छोट्या,” तो म्हणाला. “मी होतो तिथे.”

वहिनी आतून आली. एरवी भावोजी आले की तिच्या हातात पाण्याचा पेला असायचा. आज तिच्या हातात दोन युनिफॉर्म होते, खाकी पँटी आणि निळे शर्ट, चुरगळलेले. “हे धुऊन शाळेत जमा करायचे आहेत म्हणे,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच द्यायचे ना?” तिने ते त्याच्या मांडीवर ठेवले. आत जायला वळली आणि दाराशी थांबली. “आमच्या गठ्ठ्यात कागद घालू नका, भावोजी.”

तो दुकानात आला. बायकोने त्याच्या हातातले कपडे बघितले आणि बादलीत पाणी सोडलं. उरलेले नमुने तिने दादा घरी बसल्याचं कळलं त्याच दिवशी पोत्यात भरून मागे नेऊन ठेवले होते. युनिफॉर्म तो स्वतः धुवायला बसला. कॉलर हाताने घासली. आतल्या बाजूला त्याच्याच बायकोने कधीतरी घातलेला खुणेचा दोरा होता, लाल, धुऊन धुऊन विटलेला. बाकी सगळ्यांना ती आकड्याची खूण घालायची. हा नुसता एक टाका होता. घरच्या माणसाला आकडा लागत नाही असं ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी त्याने शर्ट टेबलावर पसरला आणि इस्त्री तापत ठेवली. तेवढ्यात चष्मेवाले काका आले. त्यांचा गठ्ठा बायकोने पुढे केला. काकांनी सवयीने वरच्या शर्टाची घडी उचकून पाहिली, आत काही नव्हतं.

“काय लेखकराव, दुसरं प्रकरण फुकट नाही का?” ते म्हणाले. “निदान आता तरी सांगा हो. परत आला का तो भाऊ?”

“तो गेलाच नव्हता,” लाँड्रीवाला म्हणाला.

“म्हणजे?”

“समोर टाकी होती तिथे उभा होता. मी आत जाईपर्यंत. बापापासून मला वाचवायला त्याने मला इथे ठेवलं आणि स्वतः परत मार खायला गेला. कान गेला त्यात त्याचा.” सगळं एवढ्या चार वाक्यांत झालं. चौदा प्रकरणं लागली नाहीत. आणि जी गोष्ट लोकांनी रोज येऊन विचारली, ती त्याने रोज गालात हसून सांगायची नाकारली होती.

काका हातातला गठ्ठा तसाच धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता तोही. “अरेरे,” ते म्हणाले. “आणि आम्ही इकडे त्या बिचाऱ्याला काय काय बोललो. अहो, मग हे पहिल्याच प्रकरणात घालायचं ना तुम्ही!”

“होतं,” लाँड्रीवाला म्हणाला. “पहिल्याच प्रकरणात होतं.”

“मग आमच्या नमुन्यात कसं नव्हतं?”

 इस्त्री तापली होती. त्याने निळ्या शर्टाची कॉलर उलटी करून तो लाल टाका उसवून काढला, कारण आता हे कपडे घरचे नव्हते, आणि इस्त्री फिरवायला घेतली.